बोर्डावरचं कोकरू

"काकू, इथल्या प्लगवर हेअर ड्रायर चालतो का?"

मी चुलीपुढे भाकऱ्या थापत बसले होते. दारात मनवा उभी होती, आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या पाहुण्यांपैकी एक. हसऱ्या तोंडाची, तिशीतली बाई. सोबत नवरा आणि इरा नावाची नऊ-दहा वर्षांची मुलगी.

"चालतो की," मी म्हटलं. "पण एवढं ऊन पडलंय. केस उन्हातच वाळवा ना."

"माझ्यासाठी नाही हो. बर्फीला हवाय. कुडकुडतेय बिचारी."

बर्फी कोण, हे विचारायच्या आत ती वायर घेऊन पळालीसुद्धा. थोड्या वेळानं हौदाकडून पोरांचा ओरडा, मोठ्यांचं हसणं आणि ड्रायरचा घुं घुं आवाज यायला लागला. मी तव्यावरची भाकरी उतरवली आणि पिठाच्या हातांनीच बाहेर आले.

घोड्यांच्या हौदाशेजारी प्लास्टिकचा मोठा टब मांडला होता. टबात गुलाबी फेस. पाहुण्यांची पोरं त्यात एकेक कोकरू बुडवून शांपूनं चोळत होती आणि मोठी माणसं मोबाइलवर ते टिपत होती. सात-आठ कोकरं आधीच न्हाऊन टॉवेलांत गुंडाळलेली. त्यांतलं एक पांढरं, काळ्या कानांचं, इराच्या मांडीवर होतं. मनवा त्याला ड्रायरनं वाळवत होती. कोकराच्या गळ्यात लाल रिबीन बांधली होती. पाय थरथरत होते, पण ते ओरडत नव्हतं.

आणि या सगळ्यासमोर गुडघ्यावर बसून, डोक्यावरची हॅट मागे सरकवून, माझे दीर अविनाशभाऊजी मोठा कॅमेरा घेऊन फोटो काढत होते.

"इरा, ते घोंगडं खांद्यावर घे. बर्फीला गालाशी धर. असं. आता हास."

"भाऊजी," मी म्हटलं, "ठकूबाई कोकरांना हात लावू नका म्हणाल्या होत्या ना?"

"विचारलंय मी त्यांना, वहिनी," कॅमेऱ्यातून डोळा न काढता ते म्हणाले. "तुम्ही भाकऱ्यांचं बघा."

मी भाकऱ्यांचं बघायला गेले. माझं माहेर इचलकरंजीचं. आमच्या घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग, मेंढरू पाहिलं ते लग्नानंतरच. कोकराला आंघोळ घातली तर काय बिघडतं, हे मला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला राग आला तो एवढाच की टाकीतलं निम्मं पाणी संपलं होतं.

सासवडच्या पुढे, पिंपळखुंट्याच्या माळावर आमची जमीन आहे. आमचे हे थोरले, अविनाशभाऊजी धाकटे. भाऊजींनी टीव्हीवर अमेरिकेतल्या रँचचा कुठलासा कार्यक्रम पाहिला होता. तिथे म्हणे शहरातली माणसं सुट्टी घालवायला गुराख्यांच्या घरी येऊन राहतात, घोड्यांवर बसतात, गुरं हाकतात, संध्याकाळी शेकोटीभोवती गाणी म्हणतात आणि जाताना पैसे मोजून वर आभारही मानतात. भाऊजींच्या डोक्यात ते भिनलंच. आसपास दोघातिघांनी कृषी पर्यटन सुरू केलं होतं, पण भाऊजींना तो शब्द नको होता. "हुरडा पार्टी काय, कुणीही करतं वहिनी. आपलं रँच!" माळाच्या वरच्या अंगाला त्यांनी पाच लाकडी खोल्या उठवल्या, दारांवर बैलगाडीची जुनी चाकं टांगली, दोन घोडे आणले. त्यांतला एक आयुष्यभर वरातीत राबलेला. पाहुण्यांनी जरा मोठ्यानं गाणं लावलं की तो पाठीवरच्या माणसासकट जागच्या जागी नाचायला लागायचा. पाहुण्यांना वाटायचं, घोडा मुद्दाम शिकवलेला आहे.

मला या रँचमध्ये कुणी बोलावलं नव्हतं. "वहिनींच्या हातची अस्सल चव" असं जाहिरातीत छापून आलं, तेव्हा मला कळलं की स्वयंपाक मी करायचा आहे.

तरी मी केला. घरचंच होतं सगळं. पाहुणे माणसं म्हणून वाईट नसायची. भाकरी थापताना शेजारी येऊन बसायची, दोन वेडीवाकडी थापायची, हात भाजून घ्यायची. माझी तक्रार त्यांच्याबद्दल कधीच नव्हती. आजही नाही.

दिवाळी झाली की माणदेशाकडून धनगरांची मेंढरं खाली उतरतात. बाजरी निघालेली असते, रानं मोकळी असतात. शेतकरी धनगराला बोलावून आपल्या रानात मेंढरं बसवतो. त्यांना राहायला जागा आणि धान्य, आपल्या जमिनीला लेंडीखत. आमच्याकडे ठकूबाईंचाच वाडा यायचा. वाडा म्हणजे त्यांचा मुक्काम, चार घरं आणि घोड्यावर लादलेला संसार. माझ्या सासूबाईंच्या लग्नाच्या आधीपासून ही मंडळी येत होती. ठकूबाई म्हणजे उंच, काळ्या, तोंडाच्या फटकळ. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा दोन मुक्काम उलटं चालत आल्या होत्या आणि माझ्याशी न बोलता माझ्याशेजारी दिवसभर बसून राहिल्या होत्या.

त्या वर्षी भाऊजींनी त्यांना विनंती केली की वाडा खालच्या रानात नको, वर खोल्यांजवळ टाका, पाणीही जवळ पडेल. ठकूबाईंनी खोल्यांकडे पाहिलं, चाकांकडे पाहिलं.

"पावनं येतात तुझं, त्यास्नी दावायला पायजे व्हय आमी?"

"तसं नाही हो मावशी," भाऊजी हसले. "लोकांना कौतुक असतं."

"बघू देत. फोटू काढू देत. पर कोकरांस्नी हात न्हाई लावायचा. सांगून ठिवते."

"हो, हो. नाहीच लावणार."

हे माझ्यासमोर झालं होतं. मला वाटलं, पोरांच्या हातून कोकरू पडेल म्हणून म्हणत असतील.

दिवसा मेंढ्या चरायला जायच्या आणि बारकी कोकरं वाड्यावरच राहायची, दोरीच्या जाळीच्या कुंपणात. सांजेला मेंढ्या परतायच्या. तेव्हा रोज जे घडायचं ते ऐकायला मी हातातलं काम टाकून मागच्या ओट्यावर येऊन बसायची. लांबून आयांचा आवाज आला की कुंपणातली कोकरं ओरडायला लागायची. मग जाळी उचलायचे. सगळी पिल्लं सुसाट आयांत घुसायची आणि असा कालवा उठायचा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. प्रत्येक मेंढी येईल त्या पिल्लाचं शेपूट हुंगायची. आपलं नसेल तर ढुशी मारायची, आपलं असेल तर उभी राहायची. ज्याला आई सापडली ते गप्प. मग दुसरं गप्प, तिसरं गप्प. बघता बघता सगळा माळ शांत व्हायचा आणि नुसता दूध ओढल्याचा चुटूचुटू आवाज यायचा. दिवसभरात मला आवडणारी एवढीच वेळ होती.

त्या दिवशी दुपारी, पाहुण्यांची जेवणं उरकल्यावर, ठकूबाईंची सून शालन मागच्या दारी आली. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तिचं. ठकूबाई तिची सख्खी आत्याच, पण सासू झाल्यापासून आत्याला ती जरा बिचकूनच असायची.

"वयनी, कोकरं कवा देनार परत?"

"अजून दिली नाहीत?"

"न्हाई. त्या खोल्यांत घिऊन बसल्यात. आत्या बाजाराला गेल्यात. तुमचं दीर म्हनलं, आत्यांनी व्हय म्हनलंय. म्हनून जाळी उचलली म्या." ती पदराशी चाळा करत थांबली. "ते पांढरं माझं हाय. काळ्या कानाचं. माझ्या बानं लग्नात मेंढी दिलती मला, तिचं पयलं वेत. सा दिस झालं. ते सगळ्यांत बारकं हाय, वयनी."

त्या लोकांत मुलीला बापाकडून मेंढी मिळते आणि त्या मेंढीची पैदास तिची स्वतःची असते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. शालनच्या मालकीचं या जगात जे काही होतं, ते एक मेंढी आणि सहा दिवसांचं एक कोकरू.

मी तिला घेऊन खोल्यांकडे गेले. कोकरं गाद्यांवर होती. इरा बर्फीला कुशीत घेऊन झोपली होती, अंगावर दोघांना मिळून एक दुलई. मनवानं तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प राहायची खूण केली आणि कोकरू अलगद काढून शालनच्या हातात दिलं. जाताना त्याच्या डोक्याची पापी घेतली. शालननं कोकरू नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा उतरला.

"काय गं?"

"वास निराळाच येतोय ह्याला," ती म्हणाली.

मेंढ्या परतल्या तेव्हा सूर्य टेकला होता. मी ओट्यावर येऊन बसले. जाळी उचलली, कालवा झाला. एकेक कोकरू गप्प होत गेलं. मी शांततेची वाट पाहत राहिले आणि ती काही येईना.

सात-आठ आवाज उरले होते. पिल्लं एका मेंढीकडून दुसरीकडे धावत होती आणि त्यांच्या आया, त्यांच्या स्वतःच्या आया, त्यांना हुंगून बाजूला फेकत होत्या. पिल्लाच्या आवाजाला मेंढी ओ द्यायची, धावत यायची, हुंगायची आणि शिंगं नसलेलं डोकं खाली घालून त्याला उडवायची. मग पुन्हा मान वर करून त्याच पिल्लाला हाका मारायची. मी तशीच उठले आणि पळत वाड्यावर गेले.

ठकूबाई नुकत्याच बाजारातून आल्या होत्या. डोक्यावरचं गाठोडं अजून उतरवलेलं नव्हतं. त्यांनी एक कोकरू उचललं, हुंगलं आणि शालनकडे वळल्या.

"कुनी धुतलं?"

शालन जाळीची दोरी गोळा करत राहिली.

"कुनी धुतलं म्हनते मी! तुला कशाला ठिवली हितं? झोपली हुतीस?"

"तिची चूक नाही, ठकूबाई," मी म्हटलं. "भाऊजींनी पाहुण्यांकडून... तुम्ही हो म्हणालात असं सांगितलं त्यांनी तिला. मलाही तेच सांगितलं."

"मी?" ठकूबाईंनी गाठोडं जमिनीवर आपटलं. "मी व्हय म्हनीन? आगं, मेंढी लेकराला वासानं वळकती. त्याचा वासच पुसून टाकला त्यांनी, आता कशी घील ती त्याला? आमी तुमच्यात लेकरं घिऊन येतो, ती काय खेळाया आनतो व्हय तुमच्या पावन्यांस्नी?"

मी पदर खोचला आणि काय करायचं ते सांगा म्हटलं. मग आम्ही सगळेच लागलो. मेंढीला दोघांनी धरायचं, तिचं दूध काढून पिल्लाच्या पाठीला, शेपटाला चोळायचं, तिच्या पायाखालची माती लावायची, मग पिल्लू पुढे करायचं. मेंढी हुंगायची आणि लाथ झाडायची. पुन्हा धरायचं. थंडी पडायला लागली होती, आणि ती पिल्लं सकाळपासून उपाशी होती.

माणसं कमी पडत होती. वर शेकोटीपाशी तर दहा-बारा धडधाकट माणसं खुर्च्या टाकून बसली होती. मी त्यांना बोलवायला गेले.

शेकोटीच्या उजेडात पोचले तेव्हा इराचा बाबा विचारत होता, "अविनाशजी, त्या मेंढ्या आज एवढ्या का ओरडतायत?"

भाऊजींनी हॅट नीट केली. "हे आमच्या रँचचं संगीत आहे, साहेब. दिवसभर लांब होती ना आई-लेकरं? आता गप्पा चालल्यात त्यांच्या."

"वा!" कुणीतरी म्हणालं. सगळे गप्प होऊन ऐकायला लागले. एकानं मोबाइल वर धरून ते रेकॉर्ड केलं. मनवानं डोळे मिटले होते आणि ती हसत होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार तेवढ्यात भाऊजी उठले आणि माझ्या दंडाला धरून मला अंधारात घेऊन आले.

"वहिनी, आता काही बोलू नका."

"कोकरं उपाशी मरतायत भाऊजी! दोन माणसं द्या धरायला. दहा-बारा जण तर नुसते बसलेत."

"हे लोक इथे आराम करायला आलेत. पैसे मोजून. त्यांना मेंढ्यांच्या तंगड्या धरायला लावू? पोरं रडायला लागतील. नाव खराब होईल रँचचं. मरणार नाही काही, घेतात मेंढ्या. सकाळपर्यंत घेतात."

"तुम्हाला काय माहीत?"

ते पुन्हा उजेडात गेले आणि मागून मला त्यांचा आवाज आला, "चला, कोण गाणं म्हणणार?"

तिथेच उभं राहून ओरडावं असं मला फार वाटलं. पण खाली हात कमी पडत होते. मी परत फिरले.

हे तोवर सासवडहून आले होते. शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि एका मेंढीची मान धरून बसले. एकेक करत मेंढ्या नमल्या. काहींनी हुंगून हुंगून अखेर उभं राहू दिलं, काहींना बांधूनच पाजावं लागलं. शेवटी एकच आवाज उरला. शालनच्या मेंढीचा.

ती पहिलटकरीण. तिला त्या पिल्लाचा वास सहा दिवसांचाच ठाऊक होता. तिनं त्याला जवळ म्हणून येऊ दिलं नाही. बांधली तर आडवी पडायची. शालननं तिचं दूध काढून कापडाच्या बोळ्यानं पिल्लाला पाजायचा प्रयत्न केला, पण त्याच्या तोंडात जोर उरला नव्हता. दूध ओठांवरून गळून जायचं. गळ्यातली लाल रिबीन ओली होऊन आवळली होती, ती मी दातांनी तोडली. शालन त्याला पोटाशी घेऊन, वर घोंगडं ओढून बसली. ठकूबाई मघापासून तिला बोल लावत होत्या, त्या आता तिच्या पाठीमागे येऊन टेकल्या, तिला ऊब मिळावी म्हणून. वरून वरातीतल्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या. कुणीतरी गाणं लावलं होतं.

उजाडताना ते गेलं.

ह्यांनी बांधाकडेला खड्डा खणला. मी शेजारी उभी होते. शालन आली नाही. ती मेंढीचं तटलेलं दूध पिळून मातीत सोडत होती, आणि मेंढी मान वर करून हाका मारत होती.

"भाऊजींना काय कळतंय मेंढरांतलं," मी म्हटलं. "सकाळपर्यंत घेतात म्हणे. ठाऊक नाही तर विचारावं तरी माणसानं."

ह्यांचं फावडं थांबलं.

"अव्याला माहीत होतं," हे म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"सगळं." हे खाली खड्ड्याकडेच बघत होते. "लहानपणी त्यानं असंच एक कोकरू धुतलं होतं. ठकूबाईंच्याच वाड्यातलं. आंघोळीचा साबण लावून, त्याच हौदात. मेंढीनं घेतलं नाही. आईनं त्याला झोडपला आणि मग कोकरू त्याच्याच मांडीवर ठेवलं, म्हणाली जगव आता. गाईचं दूध पाजायचा रात्रंदिवस. शाळेत गेला नाही. चौथ्या दिवशी मेलं. दोन दिवस जेवला नव्हता अव्या. त्यालाच इथे पुरलं होतं. ह्याच बांधाला." ह्यांनी पुन्हा फावडं उचललं. "राजा म्हणायचा त्याला."

कोकरू खड्ड्यात ठेवलं, माती लोटली. शांपूचा वास तेव्हाही येत होता.

रात्रभर माझी एक समजूत होती, की हा माणूस उथळ आहे, शेतात वाढूनही कोरडा राहिला आहे. त्या समजुतीवर माझा राग कसाबसा आवरलेला होता. अज्ञानावर माणूस किती रागावणार? पण ह्याला माहीत होतं. ठकूबाईंनी बजावलं होतं म्हणून नव्हे, त्यानं ते स्वतःच्या मांडीवर मरताना पाहिलं होतं. आणि तरी त्यानं टब मांडला, शांपू आणला, शालनशी खोटं बोलला, कारण पांढऱ्या कोकराचा फोटो छान येतो.

मी अंघोळ केली, साडी बदलली आणि थालीपिठं लावायला बसले. पाहुण्यांना उपाशी ठेवायचं माझ्या मनात नव्हतं.

आंब्याखाली सगळे नाश्त्याला बसले. ऊन कोवळं होतं. भाऊजी एकेकाच्या पाठीशी जाऊन झोप कशी झाली विचारत होते. मी लोणी वाढत होते.

"काका," इरा म्हणाली, "बर्फी कुठाय? मला तिला बाय करायचंय."

"बर्फी ना?" भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ती सकाळीच आईबरोबर चरायला गेली. डोंगरावर. तुला बाय सांगितलंय तिनं."

इरा हसली. मी लोण्याचा वाडगा खाली ठेवला.

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "ती चरायला गेली नाही. ती मेली. आत्ता पहाटे पुरलं तिला."

आधी कुणाला कळलंच नाही. मग इराचा बाबा खुर्ची मागे सारून उठला. "अहो, काय बोलताय? मुलांसमोर असं बोलतात?"

"मग कसं बोलायचं?"

"वहिनी," भाऊजींचा आवाज अगदी खालचा होता, "आत जा."

"जाते. पाहुण्यांना एवढं सांगून जाते." माझा आवाज चढला होता आणि मी तो उतरवला नाही. "काल तुम्ही जे संगीत ऐकलंत ना, ते उपाशी पिल्लांचं ओरडणं होतं. मेंढी पिल्लाला वासानं ओळखते. शांपूनं वास गेला. आयांनी घेतलं नाही. बाकीची वाचली, हे लहान होतं, ते गेलं. ज्या पोरीचं होतं ती तिकडे बसलीय. तिचं तेवढंच होतं."

मनवाचा हात तोंडावर गेला होता. इरा माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "मी मारलं?"

मी तिच्यापुढे खाली बसले. "नाही. तू माया केलीस. तुला कुणी सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का?"

तिनं मान हलवली.

"मग? तुझं काही चुकलं नाही. ज्यांना माहीत होतं, त्यांनी सांगितलं नाही."

"हे बघा, असं काही होईल याची कुणालाच कल्पना नव्हती," भाऊजी पाहुण्यांकडे वळून बोलायला लागले. हसणं पुन्हा तोंडावर आलं होतं. "निसर्गात अशा गोष्टी घडतात. एखादं कोकरू कमजोर असतं. आम्ही तुमच्यासाठी दुसरं..."

"भाऊजी," मी म्हटलं, "राजाला कुठे पुरलं होतं, आठवतं का?"

त्यांचं हसणं तसंच राहिलं, फक्त त्याच्यामागे कुणी उरलं नाही. हॅटची कड धरलेला हात खाली आला. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्यासमोर कुणी घेतलं नसावं.

"राजा कोण?" इरानं रडतच विचारलं. "काका, तुमचं पण कोकरू होतं?"

ते मुलीकडे बघत राहिले. एक क्षण मला वाटलं, आता हे हो म्हणतील. खरंच वाटलं. हो म्हणाले असते तर मी सगळं विसरले असते, उरलेली थालीपिठं लावली असती आणि आयुष्यभर त्यांच्या पाहुण्यांच्या भाकऱ्या थापल्या असत्या.

"नाही बेटा," ते म्हणाले. "आमच्याकडे कधी मेंढ्या नव्हत्या." आणि घोड्यांकडे निघून गेले.

पाहुणे दुपारच्या आतच गेले. जाण्याआधी मनवा मुलीला घेऊन खाली वाड्यावर गेली होती. तिथे काय बोलणं झालं मला माहीत नाही. ठकूबाईंनी मात्र त्याच दिवशी बाडबिस्तरा घोड्यांवर चढवला. निघताना माझ्याकडे पाहिलं, ह्यांच्याकडे पाहिलं, खोल्यांकडे बघून थुंकल्या आणि चालू लागल्या. शालनची मेंढी सारखी मागे वळत होती. शालन तिला दोरीनं ओढत होती.

त्या उन्हाळ्यात आम्ही वाटणी घेतली. खालचं रान आमच्याकडे आलं. भावाभावांत मी विस्तव घातला असं गावात झालं, होऊ दे. मी रँचच्या चुलीपुढे पुन्हा बसले नाही. पुढच्या दिवाळीनंतर आम्ही दोघं चालत जाऊन ठकूबाईंना आवतण देऊन आलो. त्या आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा गेलो, तेव्हा आल्या. वाडा त्यांनी रानाच्या अगदी मधोमध टाकला, वरच्या खोल्यांपासून जेवढा लांब पडेल तेवढा. त्या सांजेला मी ओट्यावर बसून सगळा माळ शांत होईपर्यंत ऐकलं.

रँच जोरात चालतं. आता खोल्या वाढल्यात, पोहायचा तलाव झालाय, मेंढ्या भाऊजींनी स्वतःच्या घेतल्यात. हायवेला वळणावर मोठा बोर्ड आहे. एसटीनं सासवडला जाताना मला तो दर वेळी दिसतो, खिडकी बदलून बसले तरी दिसतो. बोर्डावर इरा आहे, खांद्यावर घोंगडं घेतलेली. तिच्या गालाशी काळ्या कानांचं पांढरं कोकरू आहे, गळ्यात लाल रिबीन. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "या, मायेची ऊब अनुभवा."

दर दिवाळीच्या आधी तिथे नवा फ्लेक्स लागतो. फोटो तोच असतो. छापणारा दर वेळी रंग थोडे उजळ करतो, त्यामुळे कोकरू दर वर्षी आणखी पांढरं होत चाललंय.